घोडा कोणाच्या मालकीचा?

विजयनगरच्या गादीवर १४८५च्या सुमारास आलेल्या साळुव नरसिंहाची एक गोष्ट फेर्नाव नुनिश या पोर्तुगीजाने लिहून ठेवली आहे. होर्मुझ आणि एडनहून येणारे घोडे हा राजा परदाव नावाच्या हजार सोन्याच्या नाण्यांना तीन या दराने घ्यायचा, आणि वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याचेही पैसे मोजायचा. व्यापाऱ्याने पुरावा म्हणून मेलेल्या जनावराचे शेपूट तेवढे आणून दाखवायचे. नुनिश स्वतः घोड्यांच्या धंद्यातला असावा असे मानतात, शिवाय त्याने हे पन्नासएक वर्षांनंतर लिहिले. तेव्हा ही बाजारगप्प म्हणून सोडून द्यायला हरकत नव्हती. पण १३००च्या आसपास इराणात बसून लिहिणारा वस्साफ दक्षिणेतल्या पांड्य राज्याबद्दल जवळपास हेच सांगतो. दरसाल दहा हजार घोडे, प्रत्येकाची किंमत २२० दिनार, आणि वाटेत मेलेल्याची भरपाई राजाच्या खजिन्यातून. दोनशे वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या राज्यांबद्दल, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेले दोन लेखक तीच अट नोंदवतात. आकडे फुगवलेले असतील, पण अट खरी असली पाहिजे. मेलेल्या जनावराचे पैसे कोणता गिऱ्हाईक देतो? ज्याला माल न मिळण्याची भीती पैसे बुडण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटते तोच. दख्खन आणि त्याच्या दक्षिणेकडची राज्ये काही शतके या भीतीखाली वावरत होती, आणि त्यांच्या लढाया, तह, बंदरे, इतकेच काय पण समाजाची उतरंडही या एका जनावराच्या पुरवठ्याभोवती घडत गेली, असे माझे म्हणणे आहे.

भीतीचे कारण साधे होते. मोठ्या चणीचा, चिलखती स्वाराला पाठीवर घेऊन दौडू शकणारा घोडा मध्य आशियातून खुष्कीने येई किंवा इराण-अरबस्तानातून समुद्रमार्गे. खुष्कीची वाट दिल्लीच्या सुलतानांच्या हातात. उरला समुद्र. मोसमी वाऱ्यांच्या मुदतीत गलबते चौल, दाभोळ, गोवा, भटकळ गाठत आणि घोडे घाटावर चढत. मग इथेच पैदास का करत नव्हते? मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस याचे उत्तर दिले आहे: इथल्या लोकांना घोडा सांभाळता येत नाही, त्याला शिजवलेला भात आणि मांस चारतात, नालबंद मिळत नाहीत, आणि हजारोंनी घेतलेल्यांपैकी वर्षाअखेर शंभरही उरत नाहीत. व्यापारी मुद्दाम नालबंदांना इकडे येऊ देत नाहीत, असेही तो म्हणतो. पोलोचा हा शेरा जसाच्या तसा घेऊ नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे पोलोच्या दीडशे वर्षे आधी, घोड्यांच्या जाती, लक्षणे आणि शिक्षण यांची तपशिलात चर्चा आहे. ज्ञान नव्हते असे नव्हे. पण तमिळ किनाऱ्यावरच्या दमट हवेत घोडा टिकत नाही ही गोष्ट खरी, आणि दरबारांना हवी असलेली चण इथल्या तट्टांत नव्हती हीही. त्यात बाहेरून आलेला घोडा ही प्रतिष्ठेची वस्तू होती. घरच्या घोडीचे शिंगरू कितीही काटक निघाले तरी दरबारात त्याची किंमत अरबी घोड्याच्या पासंगालाही पुरत नसे.

या व्यापाराचा सर्वांत जिवंत साक्षीदार म्हणजे रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन. होर्मुझहून एक घोडा घेऊन तो १४६९च्या सुमारास चौलला उतरला. त्या एका घोड्यावर त्याचे शंभर रुबल गेले होते. तेवढेच त्याचे भांडवल. जुन्नरला पोचल्यावर तिथला अधिकारी असदखान याने घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली: मुसलमान हो, घोडा परत मिळेल आणि वर हजार सुवर्णनाणी, नाही झालास तर घोडाही गेला आणि हजार नाणी दंड. निकितिनला वाचवले ते खुरासानच्या एका मुसलमानाने, रदबदली करून. पुढे बीदरला घोडा विकेपर्यंत निकितिनला तो वर्षभर पोसावा लागला, आणि या पोसण्याचा खर्चही तो नोंदवायला विसरत नाही. इथे घोड्यांना हरभरा आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, हे तो नवलाने लिहितो. एका घोड्यामागे परमुलखातल्या माणसाचा धर्म, जीव आणि भांडवल असे सगळे पणाला लागले होते. त्याच काळी बहमनी राज्याचा कारभार ज्याच्या हाती होता तो महमूद गावानही मूळचा गिलानचा व्यापारी. दाभोळ बंदरात उतरून बीदरला आलेला. त्याचा किताब ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य. वजीर झाल्यावर त्याने जी मोठी मोहीम काढली ती कोकणावर. संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजेच आजचा विशाळगड, इथून जहाजांना होणारा उपद्रव त्याने मोडला आणि १४७२ साली गोवा जिंकून घेतला. बहमनी राज्याचा हा सर्वांत यशस्वी सेनानी हातात तलवार घेऊनही हिशेब सौदागराचाच करत होता.

निकितिनच्या टिपणातली आणखी एक नोंद मला या सगळ्यांत मोलाची वाटते. बीदरपासून काही कोसांवर आळंद इथे एका सूफी शेखाच्या स्मरणार्थ वर्षातून एकदा दहा दिवसांचा बाजार भरतो आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असे तो सांगतो. आळंद हे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले गाव, आणि तिथला दर्गा अजून नांदता आहे. वीस हजार हा आकडा कमी केला तरी चालेल. मुद्दा जागेचा आहे. घोड्याचा सौदा राजधानीच्या पेठेत न होता पीराच्या उरुसात होतो, कारण तिथे परमुलखातला सौदागर, स्थानिक सरदार आणि गावचा शेतकरी हे तिघेही कुणाच्या परवानगीवाचून एकत्र येऊ शकतात. व्यापाराला तटस्थ जागा लागते, आणि ती देवस्थानाने दिली. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आणि सारंगखेड्याला दत्तजयंतीला आजही घोड्यांचा बाजार भरतो तो याच रिवाजातला.

आता संघर्षाकडे वळू. बहमनी-विजयनगर वैराचा इतिहास हिंदू विरुद्ध मुसलमान असा सांगायची आपल्याकडे सवय आहे. दोन्ही दरबारांच्या बखरकारांनी आणि तवारिखकारांनी तसाच तो रंगवला, म्हणून ही मांडणी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण घोड्यांच्या व्यवहारात तिचा धागा सारखा तुटतो. फिरिश्ता हा तवारिखकार सांगतो की विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने बहमनींच्या विजयाचे कारण दरबारात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, त्यांचे घोडे चांगले आणि तिरंदाज चांगले. त्यावर देवरायाने मुसलमान स्वार चाकरीला ठेवले, त्यांना जमिनी दिल्या, मशीद बांधून दिली आणि सिंहासनासमोर कुराण ठेवले, म्हणजे त्यांना मुजरा करायला अडचण पडू नये. दुसरीकडे १४७९ साली भटकळच्या मुसलमान व्यापाऱ्यांची कत्तल झाली ती विजयनगरच्या हुकमाने, असे पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. आणि कारण देतात ते एकच, की त्यांनी बहमनींना घोडे विकले. वाचलेले व्यापारी गोव्याला जाऊन वसले. पहिल्या प्रसंगातल्या स्वारांचा आणि दुसऱ्यातल्या व्यापाऱ्यांचा धर्म एकच होता. एकांना मशीद मिळाली, दुसऱ्यांना तलवार. फरक पडला तो घोडा कोणाच्या तबेल्यात जातो यावरून. धर्म या काळात निष्ठेची भाषा पुरवत होता यात शंका नाही. मात्र कोणाशी लढायचे हे ठरवताना बंदराचा हिशेब त्याच्या आधी मांडला जात होता.

१५१० साली पोर्तुगिजांच्या आल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा त्याला हे गणित पुरते उमगलेले दिसते. होनावरच्या तिमय्याची मदत घेऊन जिंकलेले हे बेट त्याने घोड्यांची एकमेव पेठ करायचे ठरवले. होर्मुझहून निघालेल्या जहाजांना गोव्यालाच यायची सक्ती झाली. घोडे आणणाऱ्या जहाजाला बाकीच्या मालावर जकात माफ होऊ लागली, आणि खरी जकात बसली ती गोव्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घोड्यावर. विकणारा एक, घेणारे दोन, विजयनगर आणि बहमनी राज्य फुटून झालेले विजापूर, आणि दोघे एकमेकांचे हाडवैरी. याहून चांगला धंदा दुकानदाराला स्वप्नातही सुचणार नाही. १५२०च्या रायचूरच्या लढाईचे निमित्तही याच पेठेतून निघाले. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने सय्यद मरक्कार नावाच्या माणसाजवळ चाळीस हजार परदाव देऊन त्याला घोडे घ्यायला गोव्याला पाठवले. तो फोंड्याहून पैशांसकट विजापूरच्या आदिलशहाकडे पळाला, आदिलशहाने त्याला परत द्यायचे नाकारले, आणि युद्ध पेटले. हे निमित्तच होते, रायचूरच्या दुआबासाठी विजयनगर आधी बहमनींशी आणि मग विजापूरशी शतकभर भांडत होते, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर आहे. पण निमित्त म्हणून काय चालते यावरूनही त्या काळची घोड्याची किंमत कळते. चोरीला गेलेल्या घोड्यांच्या पैशांवरून लाखाच्या फौजा हलवल्या तर कोणाला ते वेडेपणाचे वाटत नव्हते. १५४७ साली विजयनगर आणि पोर्तुगीज यांचा तह झाला त्यातली कलमे आणखी उघड आहेत: गोव्याचे घोडे विजयनगरलाच मिळावेत, विजापूरला नाही, आणि बदल्यात विजयनगरच्या मुलखातले सोरा आणि लोखंड विजापूरकडे जाऊ नये. पुढच्याच वर्षी पोर्तुगिजांनी विजापूरशीही तह करून टाकला, हे सांगायला नकोच.

यावर एक आक्षेप हमखास येतो. व्यापाराला शांतता लागते, युद्धाने पेठा ओस पडतात, मग लढाया घोड्यांच्या व्यापारावर जगल्या आणि व्यापार लढायांवर जगला हे कसे मानायचे? सर्वसाधारण मालाबाबत आक्षेप योग्य आहे. कापड, मिरी, सुपारी यांना वाटा सुरक्षित लागतात. घोड्याचे तसे नाही. तो युद्धातच खर्ची पडतो, म्हणून युद्ध संपले की त्याचे गिऱ्हाईकही संपते. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळले तेव्हा गोव्यात आनंद व्हायला हवा होता, निदान फरक तरी पडायला नको होता. पण दियोगु दु कोतु हा गोव्याचाच इतिहासकार, विजयनगर बुडाल्याने गोव्याचे किती नुकसान झाले याचे रडगाणे गातो. तिथे जाणारे घोडे आणि मखमल-साटीन यांचा खप गेला आणि जकातीचे उत्पन्न आटले. एक वैरी नाहीसा झाल्याबरोबर दुसऱ्याची निकडही उतरली.

या साऱ्या व्यवस्थेला खरा धक्का दिला तो अहमदनगरच्या पडत्या निजामशाहीने. तिचा कारभारी मलिक अंबर हा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्याकडे आलेला. ज्या समुद्रातून घोडे येत त्याच समुद्राने हा माणूसही विक्रीचा माल म्हणून आणला. मोगलांची तुर्की आणि इराकी घोड्यांची फौज समोर असताना तेवढ्याच तोलाचे घोडे विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती, आणि बंदरेही पुरेशी हातात नव्हती. म्हणून त्याने मराठा स्वार हाताशी धरले आणि समोरासमोर भिडणे टाळून रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, घाटात गाठायचे अशी लढाई केली. १६२४ साली भातवडीला मोगल आणि विजापूर यांच्या एकवटलेल्या फौजेचा त्याने धुव्वा उडवला. शहाजीराजे त्या लढाईत होते. या पद्धतीला मोठा घोडा लागतच नाही. लागतो तो भीमा-नीरेच्या काठचा, कमी उंचीचा, खडकाळ वाटेवर न अडखळणारा, कडबा आणि मूठभर चंदीवर दहा-बारा कोस मजल मारणारा भीमथडीचा तट्टू. अरबी घोड्यांचे रक्त या जातीत पिढ्यान्‌पिढ्या मिसळत गेले असणार. पर्जन्यछायेतल्या कोरड्या हवेत आणि गवताळ काठांवर ते टिकलेही. पोलोने ज्या पैदाशीला अशक्य ठरवले होते ती इथे गावोगावी होत होती, फक्त दरबारांचे तिकडे लक्ष नव्हते.

घोडा गावात जन्मू लागला की तो कोणाच्या मालकीचा हा प्रश्न नव्याने उभा राहतो. समुद्रावरून येणारा घोडा ज्याच्याकडे सोने आहे त्याचाच. म्हणून स्वार हा सुलतानाचा किंवा मोठ्या अमिराचा बांधलेला. पण दौंड-बारामतीकडच्या कुणब्याने घरच्या घोडीचे शिंगरू वाढवले, खोगीर आणि भाला जमवला, की तो शिलेदार. दसऱ्याला बाहेर पडावे, आठ महिने मुलूखगिरी करावी, पावसाच्या तोंडाशी घरी येऊन पेरणी गाठावी. या माणसाला आपली चाकरी कोणाला द्यायची हे ठरवता येत होते, आणि हीच त्याची ताकद आणि राज्यकर्त्याची डोकेदुखी. शिवाजी महाराजांनी ही गोष्ट नेमकी ओळखली होती, हे सभासदाच्या बखरीवरून दिसते. त्यांनी पागा, म्हणजे सरकारी घोडा आणि त्यावरचा पगारी बारगीर, भक्कम केली आणि शिलेदारांना पागेच्या दाबात ठेवले, जेणेकरून कोणाला बंड करायला बळ राहू नये. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पोलोला दक्षिणेत जो सापडला नाही तो नालबंद इथे लष्करी कोष्टकात कायमचा बसला आहे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात, मोगली फौजा मुलखात पसरलेल्या असताना, सरकारी पागा पोसणे अशक्य झाले. ज्याने आपल्या हिमतीवर घोडे जमवले त्याला सरंजाम द्यावा लागला. अठराव्या शतकात शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या पागा छत्रपतींच्या किंवा पेशव्यांच्या पागेहून मोठ्या झाल्या, आणि सत्ताही त्याच प्रमाणात वाटली गेली. मराठी राज्य विस्कळीत का झाले याची चर्चा आपण सरदारांच्या स्वभावावर फार करतो; पागांच्या मालकीवर पुरेशी करत नाही.

या मांडणीला दोन अडचणी आहेत. पहिली, मराठ्यांनी घोडे विकत घेण्याऐवजी लुटले, तेव्हा व्यापाराची जागा लुटीने घेतली एवढेच झाले. सभासद साल्हेरच्या १६७२च्या लढाईनंतर सहा हजार घोडे हाती लागल्याचे सांगतो, त्यामुळे लूट हा पुरवठ्याचा मोठा मार्ग होता हे मान्यच करावे लागते. अरबी आणि काठेवाडी घोडे विकतही घेतले जात होते. पण लुटीवर उभी फौज पहिल्या मोहिमेला तरी कशावर बसून निघणार? आधी घरचा तट्टू, मग मोगलाचा तुर्की, हा क्रम उलटा होत नाही. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. स्वराज्य उभे राहिले ते किल्ल्यांवर आणि मावळ्यांच्या पायदळावर. त्यात घोडा दुय्यम. सह्याद्रीच्या कड्यांपुरते हे निर्विवाद खरे. मात्र किल्ल्याने मुलूख राखता येतो, दूरच्या मुलखातून चौथाई वसूल करता येत नाही. नर्मदा ओलांडली की पुढचा सगळा इतिहास घोड्याच्या पाठीवरचा आहे, आणि पानिपतापर्यंतचा जमाखर्च दाणावैरणीशिवाय समजत नाही.

संस्कृतीवर याचा ठसा कुठे उमटला ते शोधायला लांब जावे लागत नाही. जेजुरीचा खंडोबा घोड्यावर स्वार आहे. धनगरांची बाणाई आणि वाण्यांची म्हाळसा या दोघींचा तो नवरा, आणि मुसलमान भाविक त्याला मल्लूखान म्हणतात. मेंढपाळ, व्यापारी आणि मुसलमान स्वार यांना एकत्र आणणारा देव घोडेस्वार असावा हा योगायोग मानायला मी तयार नाही. घोड्यांचे बाजार नेमके याच लोकांना एका माळावर आणत होते. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते पूर्वी शिंद्यांच्या फौजेतले सरदार. दिंड्यांचे क्रम, तळ, नगारा आणि रिंगणात धावणारा माउलींचा अश्व यांत छावणीचा रिवाज ओळखू येतो. हा अश्व येतो बेळगावकडच्या अंकलीहून, शितोळे सरदारांकडून. राज्य गेल्यावर एका सरदाराची शिस्त वारीच्या कामी आली.

इंग्रजांनी मराठी घोडदळ मोडले असे आपण शिकतो. व्यवहारात त्यांनी त्यातला सोयीचा भाग उचलला. पेशवाई बुडण्याच्या आदल्या वर्षी, १८१७ साली, पुण्याच्या तहानुसार उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या पथकापासून पुढे हिंदी घोडदळाचा मोठा हिस्सा शिलेदारी पद्धतीने चालला. घोडा, खोगीर, कपडे स्वाराने आणायचे, सरकारने पगार तेवढा द्यायचा. नावही तेच राहिले, ‘सिल्लादार’. पण आता शिलेदाराला दुसऱ्या धन्याकडे जाण्याची वाट उरली नव्हती, आणि चांगला घोडा पुन्हा जहाजाने येऊ लागला, अरबस्तानातून आणि ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधून. मालकीचा बोजा स्वाराकडे राहिला, मालकीतून येणारी मोकळीक गेली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा आणणे परमुलखातल्या स्वाराच्या आवाक्याबाहेर गेले तेव्हा ही पद्धत कोलमडली, आणि युद्धानंतर सरकारने सगळे घोडे स्वतःच्या खर्चाने घ्यायला सुरुवात केली.